मारुयामाचे दान

जपानमधील क्योतो नगराच्या पूर्वेस हिगाशियामाची जी डोंगरओळ आहे, तिच्या पायथ्याच्या उतारावर मारुयामा नावाचे सार्वजनिक उद्यान १८८६ साली स्थापन झाले, आणि पुढे ओगावा जिहेई या विख्यात उद्यानकाराने तेथील ओढ्याची व तळ्याची रचना केली. परंतु रचनेच्या कौशल्यापेक्षा ती भूमी जनतेच्या हाती कशी आली, हा प्रश्न मला अधिक विचारणीय वाटतो.

मेइजी राजवटीने १८६८ मध्ये बौद्ध उपासना आणि शिंतो उपासना यांची फारकत करण्याचा हुकूम काढला, आणि १८७१ पासून देवस्थानांच्या व मठांच्या जमिनी खालसा करण्यास प्रारंभ केला. येथील यासाका देवस्थानात तोवर गोझू तेन्नो हा जेतवनाचा रक्षक मानला गेलेला देव पूजिला जात असे. त्या देवस्थानाच्या आणि शेजारच्या मठांच्या सरकारजमा झालेल्या भूमीचेच हे उद्यान झाले. श्रावस्तीचे जेतवन अनाथपिंडिक या श्रेष्ठीने भूमीवर सुवर्णनाणी अंथरून विकत घेतले व बुद्धाच्या संघाला अर्पण केले. येथे संघाची भूमी काढून घेऊन ती लोकांना दिली गेली. आपल्या नाशिकच्या लेण्यांत चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिलेली दाने कोरलेली आहेत. मारुयामात प्रवेशाला तर दीक्षेचीही अट नाही. मग हे दान अधिक थोर म्हणावे काय?

मला तसे म्हणवत नाही. बुद्धाने चेतनेलाच कर्म म्हटले आहे, आणि या जप्तीच्या मुळाशी देण्याची बुद्धी नव्हती. पुढे लोक तेथे सुखाने बसले, एवढ्यावरून मूळ कृत्य शुद्ध ठरत असेल, तर प्रत्येक लुटारू एखादी धर्मशाळा बांधून मोकळा होईल!

तथापि त्या भूमीवर लोंबत्या फांद्यांचा एक साकुरा, म्हणजे चेरीचा वृक्ष, होता. देवस्थानाच्या आवारातील मठ मोडला गेला तेव्हा त्यावरही कुऱ्हाड पडणार होती. आकाशी नावाच्या वैद्यकवेत्त्याने तो विकत घेऊन वाचविला, आणि हा गृहस्थ त्याच सरकारचा नोकर होता, हे मुद्दाम नोंदविण्यासारखे आहे. तो वृक्ष १९४७ मध्ये वाळला; पण त्याच्याच बियांपासून सानो तोएमोन या परंपरागत माळी घराण्याने वाढविलेले रोप १९४९ मध्ये तेथे लावले गेले, आणि आज वसंतात गर्दी लोटते ती त्याच्याखाली. मारुयामाच्या दानाचा दाता शोधावयाचाच, तर मी तो सरकारी दप्तरात न शोधता आकाशी आणि सानो यांच्यात शोधीन. भूमी गमावलेल्या मठांच्या तक्रारीला मात्र यांच्या पुण्याईनेही उत्तर मिळत नाही.