तळाची ओळ

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टाइपात मुद्रक-प्रकाशकाचे नाव असते. १८६७च्या कायद्याने ते सक्तीचे केले. छापणाऱ्यांवर नजर ठेवणे हा इंग्रजांचा हेतू. पण मराठी पत्रकारितेने त्याच ओळीवर आपली पत उभी केली.

१८८२चे कोल्हापूर प्रकरण घ्या. संस्थानचे कारभारी बर्वे यांच्यावर ‘केसरी’ने हाती आलेल्या पत्रांच्या आधारे गंभीर आरोप केले. पत्रे बनावट निघाली. ती टिळक-आगरकरांनी लिहिली नव्हती, खरी मानून छापली होती. तरीही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले ते त्यांनीच. माहिती देणारा पडद्याआड राहू शकतो, कारण छापणारा समोर उभा असतो. बातमीदारीचा सगळा व्यवहार या एका हमीवर चालत आला.

ही हमी आज कोण देतो? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी तो पाठवता येईल, असे जाहीर केले. मेसेज दुसऱ्याचा आहे एवढे त्या खुणेवरून कळते, कोणाचा ते कळत नाही. कायद्याने कंपनी केवळ ‘मध्यस्थ’ ठरते, आणि पाठवणारा म्हणतो, मी फक्त पुढे पाठवला.

आणि नाव लावून बोलणाऱ्याचे काय होते? नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलमाचा त्यात वापर झाला ते ‘६६ अ’ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, तरी मला तो प्रसंग विसरता येत नाही. कायद्याचा हात नाव असलेल्यापर्यंत लगेच पोहोचतो. निनावी अफवा त्याला सापडतच नाही.

मग सर्वांची नावे सरकारला कळू द्यावीत का? २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांवर मेसेजचा मूळ कर्ता शोधून देण्याची अट घातली. तिला माझा ठाम विरोध आहे. स्वतःहून छापलेले नाव आणि पोलिसांनी काढून घेतलेले नाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाटेने गेले तर गैरव्यवहाराची कागदपत्रे पत्रकाराकडे कोण देईल? सरकारविषयीची कोणती माहिती खोटी, हे सरकारी कक्षानेच ठरवण्याचा नियमही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये घटनाबाह्य ठरवला, तो योग्यच.

मला अधिक काळजी वाटते ती आमच्याच वृत्तपत्रांची आणि वाहिन्यांची. ‘व्हिडिओ व्हायरल’, ‘सोशल मीडियावर चर्चा’ असे मथळे देऊन ती तळाच्या ओळीपासून हळूच बाजूला होत आहेत. चर्चा आहे एवढेच आम्ही सांगितले, ती खरी की खोटी ते वाचकाने पाहावे! ही तर फॉरवर्ड करणाऱ्याचीच सबब झाली.

अफवा तालुक्यात फिरते, तेव्हा पोलीस ठाण्यात, शाळेत, आठवडी बाजारात जाऊन ‘असे काही घडलेले नाही’ हे स्वतःच्या नावाने लिहू शकणारा माणूसही तालुक्यातलाच लागतो. असे वार्ताहर आजही आहेत. पण अनेकांना धड मानधन नाही, वर जाहिराती गोळा करण्याचे ओझे. त्यांना पगार द्या, जाहिरातींच्या कामातून मोकळे करा आणि त्यांच्या बातमीवर खटला झाला तर वकील मालकाने उभा करावा.