ऋण कोणाचे?

कारखाना निघाला की गावाचे कल्याण झाले, असे आपण सहज म्हणून जातो. पण कल्याण कोणत्या गावाचे, हे आधी विचारले पाहिजे.

लोणीचेच पाहा. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ साली पहिले गळीत झाले. सावकारापुढे हात जोडणारा शेतकरी कारखान्याचा सभासद, म्हणजे मालक झाला. पुढे शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. याला नावे ठेवील तो करंटा! त्याच वाटेने महाराष्ट्रात पुष्कळ कारखाने निघाले.

पण ऊस काही आपल्या पायांनी गव्हाणीत जात नाही. दसरा-दिवाळी झाली की बीडसारख्या दुष्काळी मुलखातून बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. ती फिटेतोवर फडातून सुटका नाही. नवराबायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’. माणसाचे नाव गेले, हत्याराचे उरले! दुखणं आलं तरी खाडा परवडत नाही. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिकींची गर्भाशये काढलेली आढळली. एका गावाच्या मानेवरचे जोखड उतरले, आणि दुसऱ्या गावाच्या मानेवर तसलेच बसले.

यावर कोणी म्हणेल, “मजूर मुकादमाचे, आमचा काय संबंध?” शास्त्रदृष्टी अशी की, कर्माचे फळ करणाऱ्याला लागते, करविणाऱ्याला लागते आणि संमती देणाऱ्यालाही लागते. मुकादम करतो, कारखाना करवितो. आणि चहात साखर ढवळणारे आपण सारे मुकाट्याने संमती देतो. मग सुटला कोण?

कर्ज वहीत मांडतात. ऋण वहीत मावत नाही. मजुरी चुकती केली म्हणजे कर्ज फिटले, ऋण नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, बाईचे नाव हजेरीत वेगळे लिहावे, आजारपणाचा खाडा कापू नये, पोरांची शाळा फडावरही चालावी. कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद उठून विचारतो, “यंदा भाव किती?” विचारावेच. पण त्याच दमात त्याने हेही विचारावे, “तोडणाऱ्यांचे काय केलेत?”

ज्याचा आजा सावकाराच्या ओट्याखाली उभा राहिला, त्याला उचलीचा अर्थ दुसऱ्याने काय सांगावा?