स्वधर्म आणि निराश्रितांची सेवा



गेल्या श्रावणात गुंद येथील आमच्या देवळाच्या ओसरीवर एक अनोळखी वृद्ध मुसळधार पावसात आडोशास येऊन निजला होता. सोवळे मोडेल या भयाने आम्ही त्यास उठविले. तो निमूटपणे पावसात निघून गेला. त्या दिवशी नैवेद्य दाखविताना आमचा हात कापला.

अशा वेळी बाबा आमटे यांचे स्मरण होते. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथील जम बसलेली वकिली त्यांनी सोडली. पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम हा कुष्ठरोगी दिसताच तेही प्रथम भयाने पळाले. परंतु परत फिरले आणि अखेरपर्यंत त्यांनी त्याची शुश्रूषा केली. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली व घरादारास पारखे झालेल्यांसाठी आनंदवन उभे केले.

हा स्वधर्माचा त्याग म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. पळून जाणे ही मनुष्याची दुर्बलता होय. परत फिरणे हाच धर्म होय.

आम्ही परत फिरलो तेव्हा वाट रिकामी होती. म्हणून पिढीजात पूजाअर्चा धाकट्या बंधूंकडे सोपवून निराश्रितांच्या सेवेस जाण्याची अनुज्ञा आम्ही तीर्थरूपांकडे मागितली आहे. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही. मात्र शेजारती झाल्यावर ते स्वहस्ते ओसरीवर एक घोंगडी ठेवू लागले आहेत.

आपणही आपली ओसरी मोकळी ठेवावी, ही नम्र प्रार्थना.