इंजिनाजवळ थोडा वेळ

कुरखेड्याहून वडशाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, मोहाच्या सावलीत एक जुनी जीप उभी आहे असे मनात आणा. मुळात ती पेट्रोलची. पुढे कुणीतरी तिच्यात डिझेल इंजिन बसवले, जास्त डिझेल सोडावे म्हणून त्याचा पंप वाढवला, मागे दोन बाकडी जोडली. ती घ्यायची की नाही, हे तुम्हांला ठरवायचे आहे. घाई करू नका. किल्लीला हात लावण्याआधी बॉनेट उघडा आणि नुसते पाहत राहा.

इंजिनाजवळ तळहात न्या. गार आहे का? आधीच सुरू करून गरम ठेवलेले इंजिन आपली अर्धी दुखणी लपवते. मग बसा सावलीत, निवू द्या. डिपस्टिक काढून ऑइल बोटावर घ्या. काळे असणारच, डिझेलमध्ये नवे ऑइलही लवकर काळे होते. दुधट असेल तर मात्र त्यात पाणी उतरते आहे.

आता सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. पंप वाढवलेल्या गाडीत तो हटकून दिसतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर नोझल नीट फवारत नाही किंवा गॅस्केटमधून पाणी आत शिरते आहे. मग आयडलवर ऑइलचे झाकण सैल करा. आतली हवा जोराने ते ढकलत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत.

इथे थांबून एक प्रश्न मनात धरा: या इंजिनाकडून आजवर काय काय मागितले गेले? वाढवलेला पंप ताकद देतो, तशी उष्णताही देतो. रेडिएटर बदलला का, की जुन्या इंजिनाचाच ठेवला? मे महिन्याच्या उन्हात, भरल्या गाडीने कोरचीकडे निघाल्यावर त्या वाढीव ताकदीची किंमत रिंगा आणि गॅस्केट मोजतात.

आता मन जरा दूर न्या, रोटरी इंजिनाकडे. फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतले हे इंजिन जर्मनीत एनएसयू कंपनीत 1957 साली प्रथम चालले. जपानच्या माझ्दाने ते जपले, वाढवले, आणि 1991 मध्ये ल माँची चोवीस तासांची शर्यत त्यावर जिंकली. त्यात वरखाली होणारा पिस्टन नसतो. लंबगोल पोकळीत तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांवरच्या पातळ पट्ट्या दाब धरून ठेवतात. हौशी लोक टर्बोचा दाब वाढवतात. मग इंधन अवेळी पेटते आणि पट्टी तुटते. एक पट्टी गेली की तिच्या दोन्ही बाजूंचे कप्पे दाब गमावतात, तिसरा शाबूत राहतो. साधा कॉम्प्रेशन गेज नेमका त्या तिसऱ्याचा आकडा धरून ठेवतो, कारण तो फक्त सर्वांत मोठा दाब दाखवतो. म्हणून जाणकार मिस्त्री गेजची झडप दाबून धरतो आणि इंजिन फिरत असताना काट्याच्या उड्या पाहतो. तिन्ही सारख्या हव्यात.

या गोष्टीपाशी थोडे रेंगाळा. मोडलेले इंजिन चांगला आकडा दाखवू शकते, आणि तो आकडा खोटाही नसतो. फक्त तो निरोग्या कप्प्याचा असतो.

परत या जीपकडे. इथे चार सिलिंडर आहेत. एक दुबळा असला तरी सपाट रस्त्यावर बाकीचे तीन ओढून नेतात, आणि चक्कर मारून आलेला माणूस समाधानाने खाली उतरतो. पण हीच गाडी रात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणार आहे, हीच शाळेची पोरे भरून चढ चढणार आहे. विकणारा म्हणेल, ‘भाऊ, पिकअप पाहा ना!’ पिकअप जरूर पाहा, पण तेवढ्यावर पैसे मोजू नका. मिस्त्रीला नोझल काढायला लावा, डिझेलसाठीचा जास्त दाबाचा गेज लावा, आणि चारही सिलिंडरांचे आकडे वेगवेगळे कागदावर लिहून घ्या. चौथा आकडा द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर ती गाडी घेऊ नका.