भरवसा आणि तपासणी

गुरूंवर भरवसा आहे, तर रिमोटचं विमान उडवण्याआधी इतकं तपासायचं कशाला? पोरांचा हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांशावर बोटं टेकवून तोल बघायचा. स्टिक उजवीकडे नेली की उजव्या पंखाची झडप वर उठली पाहिजे. इथं चुकलं तर नुकसान बहुतेक आपलंच. पण प्रोपेलर काढून, रिमोट मुद्दाम बंद करून मोटर थांबते का बघायचं, ते दुसऱ्यासाठी! संपर्क तुटलेलं विमान कुणाच्याही लेकराच्या अंगावर जाईल. श्रद्धा माझी, तिच्यावर त्याचा जीव कसा पणाला लावू? नाम घ्यावंच, तपासतानाही. मोटर थांबली नाही तर त्या दिवशी उडवायचं नाही, सगळी मंडळी डबे घेऊन मैदानावर जमली असली तरी.