बोटं तापली की

देव्हाऱ्याचा बारीक खांब किंवा जिन्याच्या कठड्याचा गज लेथवर कातायला घेतला, की एक अडचण हमखास येते. दोन्ही टोकं पक्की धरलेली असतात, मधला भाग मात्र मोकळा असतो. लांबी जाडीच्या साधारण दहापटीच्या पुढे गेली, की लाकूड मध्यावर लवायला लागतं. पटाशी टेकवावी तर ते मागे सरतं, थरथरतं. गुळगुळीत व्हायच्या ऐवजी अंगावर मळसूत्रासारख्या रेघा उमटतात. लाकूड चांगलं असतं, पटाशीला धारही असते. फक्त मध्ये कुणीतरी टेकू द्यायला हवा असतो.

हा टेकू, म्हणजे ‘स्टेडी’, हौशी सुतार घरीच करतात. 18 मिमी प्लायवूडचं एक मोठं कडं कापायचं आणि मशीनच्या बेडवर बसेल असा पाय त्याला जोडायचा. कड्याचा मध्य आणि लाकडाचा मध्य एका रेषेत यायला हवा. कड्यावर सारख्या अंतराने तीन सरकत्या पट्ट्या लावायच्या. प्रत्येकीच्या टोकाला स्केटिंगच्या बुटाचं जुनं चाक. त्यात बेअरिंग असतंच, 8 मिमीचा बोल्ट बरोबर बसतो. चाकं जिथे टेकणार, तेवढा पट्टा आधी हलक्या हाताने गोल करून घ्यायचा, नाहीतर तिथला उंचवटा सगळ्या कामात उतरतो. मग मशीन बंद ठेवून लाकूड हाताने फिरवायचं आणि एकेक चाक पुढे आणायचं. चाक लाकडाबरोबर फिरू लागलं, की तिथेच थांबून नट आवळायचा. सैल राहिलं तर थरथर तशीच राहते. जास्त दाबलं तर मऊ लाकडावर चाकाचा वळ उमटतो.

असा स्टेडी नसेल, तेव्हा जुने कारागीर डाव्या हाताची बोटं लाकडाच्या मागे हलकेच टेकवतात. पटाशी पुढून, बोटं मागून. काम करता करता कधी बोटं तापतात, चटका बसतो. नवख्याला वाटतं, लाकडालाच आधार फार लागतोय, अजून घट्ट धरावं. मुरलेला कारागीर उलटं करतो. तो उजव्या हाताचा जोर कमी करतो किंवा पटाशीला धार लावून येतो. पुढून जितकं रेटावं, तितकं मागून सावरावं लागतं, हे त्याला ठाऊक असतं. आणि रेटणारा हातही आपलाच, सावरणारा हातही आपलाच.

घरात आणि कामावर आपण हेच दोन हात रोज चालवत असतो. मुलाला परीक्षेचं दडपण येऊ नये म्हणून त्याच्याजवळ बसणारे आपण, आणि ‘किती धडे झाले?’ असं दर तासाला विचारणारेही आपणच. हाताखालच्या नव्या माणसाला सांभाळून घेतो आपण, आणि त्याला उद्याची तारीख देतोही आपणच. मग एखाद्या दिवशी वाटतं, ‘किती म्हणून सांभाळायचं याला!’ असा वैताग आला, तर प्रेम आटलं असं मानून खट्टू होऊ नये. बोटं तापली आहेत, एवढंच समजावं आणि दुसऱ्या हाताकडे बघावं. तिथला जोर थोडा सैल केला, की आधार आपोआप हलका होतो. देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. आज तुम्ही ज्याला सांभाळता आहात, त्याला निघताना एक सूचना कमी द्या. डबा घेतलास का, एवढं विचारलंत तरी पुरे. बाकीचं त्याचं तो करेल. अडलंच कुठे, तर तुम्ही आहात हे त्याला माहीत आहे.