चिठ्ठीवरचं नाव

पोपची निवड करताना सुई-दोरा लागतो. सिस्टाइन चॅपेलमध्ये मतमोजणीला बसलेल्या तीन कार्डिनलांपैकी पहिला चिठ्ठीची घडी उघडून नाव पाहतो, दुसरा पाहतो, तिसरा ते मोठ्यानं वाचतो. मग चिठ्ठीवर छापलेल्या ‘मी निवडतो’ या लॅटिन शब्दातून सुई आरपार काढून तो ती दोऱ्यात ओवतो. मोजणी संपली की दोऱ्याला गाठ मारतात आणि सगळ्या चिठ्ठ्या जाळतात. त्याचाच तो काळा किंवा पांढरा धूर. अक्षर ओळखू येणार नाही अशा रीतीनं नाव लिहायचं, असा नियम आहे. चिठ्ठी टाकण्यापूर्वी प्रत्येकाला शपथ घ्यावी लागते की, माझा न्याय करणारा प्रभू ख्रिस्त साक्षी आहे, देवासमोर मला जो योग्य वाटतो त्यालाच मी मत देतो आहे. हे शब्द उच्चारताना त्याच्या समोरच्या भिंतीवर मायकेलँजेलोनं रंगवलेला अंतिम न्यायाचा दिवस असतो.

२०२५ च्या मे महिन्यात लिओ चौदावे निवडून आले. शिकागोत जन्मलेला आणि पेरू देशात मिशनरी म्हणून राबलेला हा माणूस. अमेरिकन माणूस पोप होणार नाही, असं तोवर जाणकार ठामपणे सांगत होते. १३३ कार्डिनलांत आपल्या गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांवही होते. त्या दिवसांत आमच्या वसईतल्या दृढीकरणाच्या वर्गात एका मुलानं मला विचारलं, “टीचर, पवित्र आत्माच पोप निवडतो तर मतं कशाला मोजतात? आणि मतं मोजूनच ठरतं तर पवित्र आत्म्याचं नाव कशाला घ्यायचं?”

मला हा प्रश्न फार आवडला. रविवारच्या मिस्सानंतरच्या तासाभराच्या वर्गात त्याचं उत्तर मावण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सावकाश लिहिते आहे.

प्रश्नाला खरी धार येते ती अनपेक्षित, बाहेरचा माणूस निवडला जातो तेव्हा. ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं तोच आला, तर लोक म्हणतात, गणित जमलं. ज्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं तो आला, तर म्हणतात, देवाची करणी. जणू माणसाला जे आधी कळतं त्यात देव नसतो आणि जे कळत नाही तेवढ्यात असतो. देवाला असं आपल्या अज्ञानाच्या कोपऱ्यात बसवणं मला मान्य नाही. बाहेरच्या माणसाला मत का मिळतं, हे आधी माणसांच्या बाजूनं नीट समजून घ्यायला हवं.

१९७८ साली मी कॉलेजात होते. वसई तेव्हा मुंबईच्या महाधर्मप्रांतात होती, आणि एकाच पावसाळ्यात आम्ही दोन पोप आणि आमचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस अशा तिघांसाठी शोकाच्या मिस्सा केल्या. ६ ऑगस्टला पोप पॉल सहावे गेले. २६ तारखेला व्हेनिसचे आल्बिनो लुचानी जॉन पॉल पहिले झाले आणि ३३ दिवसांत तेही गेले. १४ ऑक्टोबरला १११ कार्डिनलांनी पुन्हा स्वतःला कोंडून घेतलं. निवडीसाठी ७५ मतं हवी होती.

मतदान गुप्त असलं तरी दोन नावं साऱ्या वर्तमानपत्रांत होती. एक जेनोआचे जुझेप्पे सिरी, जुन्या शिस्तीचे, द्वितीय व्हॅटिकन परिषदेनं उघडलेल्या दारांतून फार वारा आत येतो असं मानणारे. दुसरे फ्लॉरेन्सचे जोव्हान्नी बेनेल्ली, पॉल सहाव्यांचे उजवे हात. व्हॅटिकनच्या कार्यालयात दहा वर्षं कडक हातानं कारभार केल्यामुळे दुखावलेली माणसं मागे ठेवून आलेले. दोघंही इटालियन, दोघंही कर्तबगार. कुणालाच ७५ चा आकडा गाठता येईना. तेव्हा व्हिएन्नाचे कार्डिनल फ्रान्त्स क्योनिग पोलंडमधल्या क्राकोच्या आर्चबिशपांचं नाव इतर कार्डिनलांच्या कानी घालू लागले. १६ तारखेला संध्याकाळी, आठव्या फेरीत, ५८ वर्षांचे कारोल वोयतिवा पोप झाले. १५२२ मध्ये निवडलेल्या नेदरलंड्सच्या एड्रियन सहाव्यांनंतर इटलीबाहेरचा हा पहिला. गॅलरीतून नाव पुकारलं गेलं तेव्हा चौकातले लोक एकमेकांकडे पाहत राहिले; हा कोण, कुठला, काहींना तर तो आफ्रिकन वाटला. नवे पोप पुढे आले आणि इटालियनमध्ये बोलले, की मला दूरच्या देशातून बोलावून आणलं आहे, तुमच्या, नव्हे आपल्या भाषेत माझी चूक झाली तर सुधारा. क्षणात चौक त्यांचा झाला.

पण ते परके होते ते चौकाला. मत देणाऱ्यांना नव्हते. परिषदेच्या चारही सत्रांत ते होते. १९७६ च्या उपवासकाळात पॉल सहाव्यांपुढे आणि व्हॅटिकनच्या वरिष्ठांपुढे चिंतनं द्यायला त्यांनाच बोलावलं होतं. जर्मन ताब्यातल्या पोलंडमध्ये दगडाच्या खाणीत आणि रासायनिक कारखान्यात काम केलेला, नाटकात भूमिका केलेला, पुढे कम्युनिस्ट राजवटीशी रोज डोकं शांत ठेवून झुंजणारा हा धर्मगुरू त्यांनी जवळून पाहिला होता. मग त्यांच्यात असं काय होतं, जे सिरी किंवा बेनेल्लींत नव्हतं? मला वाटतं, नसण्याचाच तो गुण होता. रोममधल्या जुन्या हिशेबात त्यांच्या नावावर काही मांडलेलं नव्हतं.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी वाडीत कळलं होतं. आमच्याकडच्या एका लहानशा संस्थेच्या निवडणुकीत दोन मोठी घराणी समोरासमोर होती आणि लोकांनी अध्यक्ष केला तो मंगळूरहून येऊन स्थायिक झालेला एक निवृत्त गृहस्थ, ज्याला आमची बोलीही धड येत नव्हती. आमच्या थोरल्या काकींना मी कारण विचारलं. केळीची पानं बांधता बांधता त्या म्हणाल्या, “अगं, ह्याच्या आज्यानं आमच्या आज्याचा बांध कोरला नव्हता.” त्या गृहस्थाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं आणि एवढं पुरेसं होतं.

एकमेकांना फार ओळखणाऱ्यांच्या समाजात असं होतं. शेजाऱ्याचा प्रत्येक गुण आपण त्याच्या एखाद्या जुन्या अपराधासकट ओळखतो. तो कितीही योग्य असला तरी त्याला मत देणं म्हणजे आपल्या बापाची हार कबूल करणं वाटतं. बाहेरच्याला मत देताना कुणीच हरत नाही. हे ऐकायला क्षुद्र वाटेल, पण मला तसं वाटत नाही. त्या क्षणी दोन्ही बाजूंनी काहीतरी खरोखर सोडलेलं असतं. आपलाच माणूस हवा, ही मूठ उघडलेली असते. चिठ्ठीवर दुसरं नाव लिहिण्यापूर्वी आपल्या माणसाचं नाव मनातून खोडावं लागतं, आणि हे खोडणं किती अवघड असतं हे ज्यानं कधी पक्षासाठी, घराण्यासाठी, ज्ञातीसाठी जीव टाकला आहे त्यालाच कळेल. वर्गातल्या त्या मुलाला मी हे सांगेन: लिहिणारा हात माणसाचाच असतो, पण मूठ उघडायला बळ कुठून आलं ते विचार.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात याचं मला सगळ्यांत प्रिय उदाहरण आहे, आणि ते पहिल्या अध्यायातलं नाही. पहिल्या अध्यायात यहूदाची रिकामी जागा भरायला दोन नावं येतात, प्रार्थना होते, चिठ्ठ्या टाकतात, मत्थियाचं नाव निघतं. त्यानंतर नव्या करारात मत्थिया पुन्हा कुठेच दिसत नाही. सहाव्या अध्यायात मात्र भांडण आहे. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांना डावलतात. प्रेषित म्हणाले, तुम्हीच सात माणसं निवडा. आणि निवडलेल्या सातांची नावं पाहा: स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन... सातही नावं ग्रीक. शेवटचा नीकलाव तर जन्मानं यहूदीसुद्धा नव्हता, अंत्युखियाहून आलेला. वाटपाच्या चाव्या तक्रार करणाऱ्यांच्याच हाती दिल्या गेल्या. इथे आकाशवाणी झाली नाही, सोडतही निघाली नाही. लोकांनी विचार करून माणसं निवडली, आणि पवित्र आत्म्याचं काम मला चिठ्ठ्यांच्या सोडतीपेक्षा इथे अधिक स्पष्ट दिसतं.

तरीही बाहेरचेपणाची मला भीती वाटते, आणि तिचं कारण पाचवे सेलेस्टाइन.

एप्रिल १२९२ मध्ये पोप निकोलस चौथे वारले. मत देणारे कार्डिनल जेमतेम अकरा-बारा, आणि त्यांच्यात ओर्सिनी आणि कोलोन्ना या रोमन घराण्यांचं वैर. दोन वर्षं उलटली तरी निर्णय होईना. तेव्हा अब्रुझ्झीच्या डोंगरात राहणाऱ्या पिएत्रो नावाच्या वृद्ध तपस्व्याचा इशारा आला, की आणखी उशीर कराल तर देवाचा कोप होईल. ज्येष्ठ कार्डिनल लातीनो मालाब्रांका यांनी त्याच तपस्व्याचं नाव सुचवलं. जुलै १२९४ मध्ये सगळ्यांनी होकार दिला आणि पिएत्रो पाचवे सेलेस्टाइन झाले. ऐंशीच्या घरातला हा साधू गाढवावर बसून लाक्विला शहरात आला आणि लोकांचे डोळे भरून आले. आता कुणी पवित्र माणूस आला, सगळं सुधारेल.

पुढे काय झालं? त्यांना राज्यकारभार ठाऊक नव्हता. नेपल्सच्या राजानं त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं आणि त्याच्या सोयीच्या माणसांना कार्डिनल करवून घेतलं. ज्यांनी मतं दिली होती ते कार्डिनल आपापल्या डावपेचांत परतले. १३ डिसेंबरला, निवडीला जेमतेम पाच महिने उलटल्यावर, त्यांनी पद सोडलं. नंतर आलेल्या आठव्या बोनिफेसनी त्यांना फुमोनेच्या किल्ल्यात डांबून ठेवलं. तिथेच १२९६ मध्ये ते वारले. १३१३ मध्ये त्यांना संत घोषित केलं गेलं. २००९ च्या भूकंपानंतर लाक्विलाला गेलेल्या बेनेडिक्ट सोळाव्यांनी आपलं पालियम, म्हणजे खांद्यावरचं लोकरी पट्टवस्त्र, त्यांच्या अवशेषांवर ठेवलं, आणि चार वर्षांनी स्वतःही पद सोडलं.

सेलेस्टाइन आणि वोयतिवा, दोघंही बाहेरचे, दोघंही अडलेल्या मतदानातून आलेले. पण वोयतिवांच्या निवडीत मतदारांनी आपला हट्ट सोडला आणि सेलेस्टाइनच्या निवडीत आपली जबाबदारी सोडली. वरून ही दोन्ही मतं सारखीच दिसतात. थकलेला मतदार म्हणतो, आम्हाला जमलं नाही, आता हा पाहून घेईल. आणि घरी जातो. नुसत्या रागातून दिलेलं मतही याच जातीचं. आत बसलेल्यांना धडा शिकवायला जगभर ज्यांना मतं पडतात, त्यांच्याकडून उद्या काय हवं आहे हे मत देणाऱ्यानं बहुधा ठरवलेलंच नसतं. २०१३ मध्ये बर्गोलिओंची, म्हणजे पोप फ्रान्सिस यांची, निवड मला याहून वेगळी वाटते. इटलीच्या बिशपांच्या परिषदेनं मिलानच्या आंजेलो स्कोला यांच्या अभिनंदनाचं पत्रक चुकून प्रसिद्धही केलं होतं, इतका तो निकाल अनपेक्षित होता. पण निवडीआधीच्या बैठकांत बर्गोलिओ मोजकी मिनिटं बोलले होते, की ख्रिस्तसभेनं स्वतःतून बाहेर पडून कडेच्या माणसांकडे जावं. आणि मतदारांनी ते ऐकून, काय मागतो आहोत हे समजून, त्यांना मत दिलं. आमचे मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस त्या मतदारांत होते, आणि पुढे पोप फ्रान्सिस यांनी सल्ल्यासाठी नेमलेल्या आठ कार्डिनलांतही होते. मत देऊन घरी न जाणं म्हणजे काय, त्याचं हे एक रूप.

पुढे स्वतः बेनेडिक्ट सोळावे या नावानं पोप झालेल्या कार्डिनल रॅट्झिंगरना १९९७ मध्ये बव्हेरियाच्या दूरचित्रवाणीवर माझ्या विद्यार्थ्याचाच प्रश्न विचारला गेला होता. ते म्हणाले, पवित्र आत्मा पोप निवडतो असं मी म्हणणार नाही, कारण त्यानं खचित निवडले नसते असे पोप इतिहासात बरेच झाले. चांगल्या शिक्षकाप्रमाणे तो आपल्याला पुष्कळ मोकळीक देतो आणि तरी सोडून जात नाही, असा त्यांचा आशय होता. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. श्रद्धेचा अर्थ निकालावर शिक्का मारणं असा घेतला, तर वाईट पोपांचाही दोष देवाच्या माथी जातो आणि मत देणारा मोकळा सुटतो.

म्हणून पुढच्या वर्गात मी वोयतिवांपेक्षा सिरींबद्दल बोलणार आहे. १९५८, १९६३ आणि १९७८ मध्ये दोनदा, असे चार वेळा ते सिस्टाइन चॅपेलमध्ये मतदानाला गेले आणि प्रत्येक वेळी त्यांचं नाव घेतलं जात होतं. निवड झाली की तिथेच, त्याच खोलीत, एकेक कार्डिनल नव्या पोपसमोर येऊन आज्ञापालनाचं वचन देतो. १६ ऑक्टोबरच्या त्या संध्याकाळी सिरींनीही आपल्याहून चौदा वर्षांनी लहान असलेल्या पोलिश माणसासमोर ते दिलं, जेनोआला परतले आणि १९८७ पर्यंत तिथलं आपलं काम करत राहिले. पवित्र आत्मा त्या दिवशी कुठे होता, असं त्या मुलानं विचारलं तर शोध घ्यायला मी त्याला आधी या माणसाकडे पाठवीन.